आजी-आजोबा दिवसाला आधी खुर्च्या मांडूया



२०२३ पासून आपल्या राज्यातल्या शाळांमध्ये १० सप्टेंबरला आजी-आजोबा दिवस साजरा होतो. उपक्रम चांगला आहे, मला आवडतो. पण त्या दिवशी बऱ्याच शाळांमध्ये काय होतं ते आठवून बघा. सतरंजी अंथरायची, आजी-आजोबांना त्यावर बसवायचं, मुलांकडून पाय पूजून घ्यायचे. मग दीपप्रज्वलनाला उठा, प्रार्थनेला उभे राहा, पुन्हा खाली बसा. आणि कार्यक्रम संपल्यावर आपणच म्हणतो, "यंदा आज्या कमीच आल्या."

ज्या आल्या नाहीत त्यांना नातवंडांचं कौतुक नसतं असं अजिबात नाही. त्यांना खाली बसता येत नाही. बसल्या तर उठायला दोन माणसांचा हात लागतो, आणि चारचौघांत त्याची लाज वाटते. ज्या पायांची आपण पूजा करतो, त्याच पायांचे गुडघे दुखत असतात आणि त्यांची चौकशी मात्र कुणी करत नाही.

आपल्या वडखळ-पेण भागात हे दुखणं घरोघर आहे. पावसात चिखलात वाकून लावणी, मग कापणी, नंतर वालाची कामं. कुणी मासळीची टोपली डोक्यावर वाहिली, कुणी हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यात तासन् तास बसून मूर्ती रंगवल्या. घरी आल्यावर पुन्हा चुलीपुढं उकिडवं बसणं आहेच. साठी जवळ आली की गुडघा बोलायला लागतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "वय झालं, चालायचंच." माझा आक्षेप या वाक्याला आहे. हे निदान नाही. पुढे काही विचारायचं नाही, यासाठी लावलेली ती कडी आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाचा तो भाग होता. ४०९२ प्रौढ माणसांपैकी ७४६ जणांना सांधे, स्नायू, हाडं यांचं काही ना काही दुखणं निघालं. म्हणजे शंभरात अठरा. गाव तुमच्याआमच्यासारखंच, शेतीवर जगणारं.

आता थोडं विज्ञान, वर्गात सांगतो तसं. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. ती झिजते, खडबडीत होते. हाडाच्या कडांना टोकं येतात, सांध्याला सूज येते, आणि दुखतंय म्हणून पाय कमी वापरला की मांडीचे स्नायू बारीक होतात. मग सगळा भार पुन्हा सांध्यावरच. याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आपण सगळ्याच सांधेदुखीला संधिवात म्हणून मोकळे होतो, पण आमवात वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते आणि त्याची औषधंही वेगळी. सकाळी तासभर बोटं आखडत असतील, बरेच सांधे एकदम सुजत असतील, गुडघा लाल-गरम होऊन ताप येत असेल, तर घरगुती उपायांवर दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

पण मला जास्त बोलायचंय ते या माणसांच्या रोजच्या दिवसाबद्दल. कारण तो घरच्यांना दिसत नाही.

सकाळी उठल्यावर पहिली दहा-वीस पावलं जड जातात, मग गुडघा जरा सैल होतो. चढण्यापेक्षा जिना उतरणं कठीण. एसटीची पहिली पायरी म्हणजे डोंगरच. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे, दुखणं रोज सारखं नसतं. आजी सकाळी पेणच्या बाजारात जाऊन येते आणि संध्याकाळी म्हणते, मला उठवत नाही. मग घरात ऐकू येतं, "बाजारात जाताना नाही दुखलं?" पालकहो, हे नाटक नाही. सकाळी पडलेल्या भाराची किंमत गुडघा संध्याकाळी वसूल करतो. काही दिवस बरे, काही वाईट, हा या आजाराचा स्वभावच आहे. एक्स-रेवर जाऊ नका. एक्स-रेत खूप झीज दिसते आणि माणूस आरामात चालतो, तर कुणाची झीज थोडी आणि दुखणं फार, असंही असतं.

ज्या बायका हे वर्षानुवर्षं सांभाळतात त्यांनी आपापली गणितं बसवलेली असतात. धुणं एका दिवशी, बाजार दुसऱ्या दिवशी. निवडणं-टिपणं खुर्चीवर बसून. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. (बरेच जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. भार उलट्या हातावर गेला तर त्या गुडघ्याला जास्त आराम मिळतो.) पण काही गणितं घातक असतात. आपल्याकडच्या एका पालक आईनं सांगितलं, सासूबाई दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. का? संडासात उकिडवं बसावं लागतं म्हणून. घरात हजारभर रुपयांची कमोडची खुर्ची आली तर हा प्रश्न सुटतो, पण आजी ती मागणार नाही आणि आपण विचारणार नाही. काही जणी हळूहळू भजनाला, लग्नाला, हळदीकुंकवाला जाणं सोडतात. शाळेचा कार्यक्रम याच यादीत येतो.

औषधाच्या बाबतीतही आपलं दोन टोकांचं चालतं. एकतर काहीच नाही, नाहीतर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी महिनोन् महिने. अशा गोळ्यांनी पोटात जखमा होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, विशेषतः बीपी-शुगर असेल तर. बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांपासून लांबच राहा. एका रात्रीत गुडघा मोकळा झाला तर त्या पुडीत स्टेरॉइड नाही ना, ही शंका घ्यायलाच हवी. "गुडघ्याचं वंगण संपलं, कॅल्शियम कमी झालं" हे तर गावठी निदान. कॅल्शियमच्या गोळीनं कूर्चा परत येत नाही.

मग उपयोग कशाचा? ऐकायला साध्या वाटतील अशा गोष्टींचा. मांडीचे स्नायू मजबूत करणं आणि वजन थोडं कमी करणं. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. आणि चालणं बंद करायचं नाही. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातलं पाणी हालचालीनं आत-बाहेर होतं तेव्हाच तिला पोषण मिळतं. म्हणून "आई, तू नुसती बसून राहा" हा प्रेमाचा सल्ला चुकीचा आहे.

शस्त्रक्रियेचं म्हणाल तर २००० आणि २००१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले आणि गावागावांत लोकांना कळलं की गुडघाही बदलता येतो. १६ ऑगस्ट २०१७ ला केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला. दवाखान्याचा, ऑपरेशनचा खर्च वेगळा. सरकारी योजनेत आपल्या माणसाचं बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. पण हा शेवटचा उपाय. त्याआधी करण्यासारखं बरंच असतं.

इथे शिक्षकांचा काय संबंध, असं काही जण म्हणतील. निवडणुकीची कामं, ऑनलाईन माहिती, त्यात आता गुडघे! खरंय. मीही रोज तीच माहिती भरते. पण परिसर अभ्यासात शरीराचे अवयव आपण शिकवतोच ना? एक कृती करून बघा. मुलाच्या गुडघ्याच्या मागे ३० सेंमीची पट्टी दोन रुमालांनी बांधा, फार घट्ट नाही. मग सांगा, खाली बस, खडू उचल, उठ. शेजारी दुसरं मूल उभं ठेवा, पडायला नको. दोन मिनिटांत वर्गाला कळतं की आजी उठताना भिंत का धरते. दहा ओळींच्या धड्यानं हे होत नाही.

दुसरी कृती घरची. आजी खुर्चीवर बसते, एक पाय समोर सरळ करते, पाच आकडे मोजेपर्यंत धरते, हळू खाली सोडते. प्रत्येक वेळी नातवानं पाढ्याची एक ओळ म्हणायची. बे दाहे वीस झालं की एका पायाचे दहा झाले, दुसऱ्या पायाला तीनचा पाढा. दुखणं फार वाढलं तर थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. पाढे पाठ होतात आणि आजीचा व्यायाम कुणीतरी मोजतंय म्हणून रोज होतो. पालकहो, गृहपाठाच्या वहीत आम्ही हे लिहून दिलं तर हसू नका.

आणि १० सप्टेंबरचं म्हणाल तर, पंधरा-वीस प्लास्टिकच्या खुर्च्या मंडपवाल्याकडे किंवा ग्रामपंचायतीत मिळतात. कार्यक्रम वरच्या मजल्यावर नको, खालच्या वर्गात किंवा पडवीत घ्या. प्रार्थना बसून झाली तरी चालते. निमंत्रणाच्या चिठ्ठीत खाली एक ओळ मुलांच्याच अक्षरात लिहून घ्या: "आजी, खाली बसायचं नाही, तुझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे."