लखोटा कोणाच्या हाती?

औरंगपुऱ्यात सरस्वती भुवनच्या आसपास सायंकाळी पुस्तकांच्या दुकानांपुढे तरुणांची जी दाटी दिसते, ती कथा-कादंबऱ्यांसाठी क्वचितच असते. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेली ही मुले तलाठी, लिपिक, आरोग्यसेवक यांच्या भरतीची पुस्तके चाळीत असतात. खोलीचे भाडे व खाणावळ भागवून जे उरेल त्यातच ती घ्यावयाची. ज्या एका प्रश्नपत्रिकेवर यांची सारी मदार, ती परीक्षेच्या दिवसापर्यंत कोणाकोणाच्या हातून जाते, असे त्यांनी सरकारला विचारले तर त्यात गैर काय? परीक्षा घेण्याचे काम खासगी कंपन्यांकडे सोपविल्यापासून या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

२०२१ च्या अखेरीस घडले ते विसरण्याजोगे नव्हे. आरोग्य विभागाची सप्टेंबरातील परीक्षा अगदी आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. ऑक्टोबरात ती झाली, तो प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघडकीस आले. म्हाडाची १२ डिसेंबरची परीक्षाही ऐन रात्री लांबणीवर पडली, कारण ती घेणाऱ्या कंपनीच्या संचालकासच पोलिसांनी अटक केली होती. तपासाचा धागा शिक्षक पात्रता परीक्षेपर्यंत गेला, राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना अटक झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली. आरोग्य विभागाच्या प्रकरणात तर खात्याचेच अधिकारी पकडले गेले. तेव्हा सारे खापर कंपन्यांच्या माथी फोडून सरकारला नामानिराळे होता येणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये टीसीएस-आयऑन व आयबीपीएस या मोठ्या संस्थांकडे हे काम देण्याचे ठरले. नाव मोठे झाले. पण संगणक-केंद्र अनेकदा तिसऱ्याचे आणि तेथे राबणारी माणसे चौथ्याची असतात. २०२३ च्या तलाठी परीक्षेतील गैरप्रकाराचा गुन्हा तर आपल्याच शहरात नोंदला गेला.

जून २०२४ पासून अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने दोषी कंपनीस एक कोटी रुपयांपर्यंत दंड, परीक्षेच्या खर्चाची वसुली व चार वर्षांची बंदी ठरविली आहे. राज्यानेही त्याच धर्तीचे विधेयक जुलै २०२४ मध्ये विधिमंडळात आणले. दंड हवाच, परंतु पेपर फुटल्यावर तो वसूल करणे म्हणजे वरातीमागून घोडे. बंदोबस्त कंत्राटावर सही होण्यापूर्वीच व्हावयास हवा. प्रश्नपत्रिका पाहणाऱ्या प्रत्येकाची पूर्वचौकशी झाली आहे काय, पोटकंत्राट देण्यास खात्याची लेखी संमती लागते काय, कंपनीच्या यंत्रणेची तपासणी त्रयस्थाकडून होते काय, हे निविदेतच लिहिलेले असावे. त्याचा खर्चही निविदेत वेगळा दाखवावा. तसे न केल्यास सर्वांत कमी दराच्या हव्यासात पहिली कात्री सुरक्षेलाच लागते.

आम्ही शिक्षक होतो तेव्हा प्रश्नपत्रिकांचा लखोटा वर्गात दोन विद्यार्थ्यांना दाखवून, मोहोर शाबूत असल्याची त्यांची सही घेऊन मगच फोडीत असू. पुष्कळदा तो उपचार वाटे, हे कबूल केले पाहिजे. पण ती सही विद्यार्थ्याची असे, शिक्षकाची वा अधिकाऱ्याची नव्हे. आजच्या संगणकी व्यवस्थेत उमेदवाराला असे काय दाखविले जाते?

२०२३ च्या तलाठी परीक्षेसाठी खुल्या गटातील उमेदवाराकडून एक हजार रुपये व राखीव गटातील उमेदवाराकडून नऊशे रुपये शुल्क घेतले गेले. हे शुल्क भरणाऱ्या प्रत्येकास कंपनीशी झालेल्या करारातील सुरक्षेची कलमे वाचावयास मिळाली पाहिजेत. पुढील भरतीची जाहिरात निघेल तेव्हा तिच्याबरोबरच ती प्रसिद्ध करावीत, अशी आमची शासनाकडे मागणी आहे.