येजो, यावं आणि पुएदास

माझी भाची सध्या स्पॅनिश शिकतेय. परवा फोनवर वैतागली होती. "मामा, 'पोदेर' म्हणजे शकणे, इथपर्यंत ठीक. पण 'मी शकतो' म्हटलं की 'पुएदो'. 'तुला येता यावं अशी आशा आहे' म्हणायचं तर 'पुएदास'. आणि तेच 'आम्हाला येता यावं' म्हटलं की परत 'पोदामोस'! धातूच जागेवर राहत नाही."

म्हटलं, अगं, जन्मापासून 'होणे' चालवतेस त्याचं काय? होतो, झाला, आणि इच्छा करायची तर व्हावं. 'दे'चं द्यावं, 'घे'चं घ्यावं, 'पी'चं प्यावं. कोणी घोकून घेतलं नाही म्हणून आपल्याला त्याचा त्रास जाणवत नाही, एवढंच.

जे घडलेलं नाही पण मनात आहे, त्यासाठी स्पॅनिश क्रियापदाला वेगळं रूप आहे. आपल्याकडे ते काम बरंचसं विध्यर्थ करतो. नावावरून वाटतं की नुसतं कर्तव्य सांगत असेल, 'मुलांनी अभ्यास करावा' वगैरे. पण 'यंदा संत्र्याला भाव यावा' ही इच्छा आहे, 'तो संध्याकाळपर्यंत पोहोचावा' हा अंदाज आहे. लग्नपत्रिकेतलं 'अगत्य यावे' तर सरळ आर्जव.

हल्ली मात्र जिथे तिथे 'पाहिजे'. 'भाव यावा' म्हणणारा आभाळाकडे बघून बोलतो, 'भाव मिळाला पाहिजे' म्हणणारा सरकारकडे बघून. दोन्ही लागतात हो, पण आभाळालासुद्धा 'पाहिजे' ऐकवण्यात काय अर्थ आहे? उरलंय काय, तर पत्रिका आणि 'येथे थुंकू नये'च्या पाट्या. (हा 'नये' म्हणजे विध्यर्थाचाच नकार. पाळत कोणी नाही ते सोडा.)

असो. मला खरं बोलायचंय ते आमच्या कळमेश्वराकडच्या 'जो'बद्दल. येजो, जाजो, करजो, देजो. नागपूरपासून वऱ्हाडापर्यंत कुठेही ऐका. यात धातू मोडावा लागत नाही, 'घे'ला 'जो' लावला की झालं. पुण्यामुंबईच्या मंडळींना ते गावंढळ वाटतं, आणि आता आमच्याच शिकलेल्या लोकांनाही वाटायला लागलंय.

पण हे 'ये'चं बिघडलेलं रूप नाही. 'ये' म्हणजे आत्ता ये. 'येजो' म्हणजे नंतर, तुझ्या सवडीनं, पण ये. 'पोहोचल्यावर फोन करजो' यात हुकूम नाही. माणूस नजरेआड गेल्यावरही तो ते करेल, असा भरवसा आहे. प्रमाण मराठीत यासाठी वेगळं रूपच नाही, 'ये हं'वर भागवावं लागतं. गुजराती माणूस निरोप देताना 'आवजो' म्हणतो, जुन्या हिंदीत 'कीजो', 'दीजो' आहेत. एवढा गोतावळा असलेलं रूप अशुद्ध कसं?

दादोबा पांडुरंगांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. मोठी माणसं, मोठं काम. प्रमाण भाषा शाळेत शिकवावी, याबद्दल माझी तक्रार नाही. निबंध प्रमाण भाषेतच लिहावा. पण आमच्या नात्यातल्या एका पोरानं निबंधात लिहिलं, "आजी म्हणाली, लवकर येजो." त्याला लाल गोल! अहो, आजी तसंच म्हणाली होती. अवतरणचिन्हांतलं वाक्य आजीचं, ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला?

पोरगं हुशार. घरी येऊन त्यानं आजीला सांगितलं, असं नाही बोलायचं, चूक असते. सगळे हसले, आजीसुद्धा हसली.

ती आता त्याच्यासमोर 'येजो' म्हणत नाही. 'ये' म्हणते, आणि दारात थोडा वेळ उभी राहते.