निकष सैल, पण कुणासाठी?

किडनी निकामी झालेल्या रुग्णांची रांग लांब आणि दाते थोडे. म्हणून साठी ओलांडलेल्या, किंवा पन्नाशीनंतर रक्तदाबासारखे विकार असलेल्या मृत दात्याची किडनीही घ्यावी, असा विस्तारित निकष अमेरिकेत २००२ साली ठरला. अशी किडनी तुलनेने कमी वर्षे चालते. तरी अनेक वयस्क रुग्णांना ती डायलिसिसपेक्षा हितकारक ठरते. या विस्ताराचे आम्ही स्वागत करतो.

पण ही किडनी कुणाच्या वाट्याला जाणार? पैसेवाला चांगलीसाठी थांबणार आणि झोपडपट्टीतल्या रुग्णाला 'मिळते ती घे' म्हणणार असाल, तर ती नवी विषमताच होय. बाबासाहेबांच्या शिकवणीने आम्ही उष्ट्यावर जगणे नाकारले. ऑपरेशन थिएटरातही ते स्वीकारणार नाही.

निकष सैल करायचे ते मृतांच्या दानाचे. आपल्या १९९४ च्या कायद्याने किडनीविक्री गुन्हा ठरवली. पण नातेवाईक नसलेल्यालाही जिव्हाळ्यापोटी दान करण्याची मुभा ठेवली. त्या मुभेआड कर्जबाजारी मजुराच्या जिवंत देहाचा बाजार भरता कामा नये. घरातही बाईनेच द्यायचे आणि पुरुषाने घ्यायचे, ही रीत मोडली पाहिजे.

दात्याचे वय व आजार रुग्णाला त्याच्या भाषेत सांगूनच संमती घ्या. सरकारी रुग्णालयांत प्रत्यारोपणे वाढवा. नंतर आयुष्यभर लागणारी औषधे मोफत द्या. संविधानाच्या कलम २१ ने दिलेला जगण्याचा हक्क खिसा पाहून मिळत नसतो!