लेखनाचा चौथा प्रहर

“लिहावेंसें फार वाटतें, पण अंगीं प्रतिभा नाहीं, मग व्यर्थ कागद कां काळे करावे?” हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येतो. संसार सांभाळून चार ओळी लिहिणाऱ्या गृहिणी आणि नुकतीच लेखणी हातीं धरलेले विद्यार्थी या एका शंकेपायीं आपल्या वह्या कायमच्या मिटून ठेवतात, ही खेदाची गोष्ट होय. प्रतिभा ईश्वरदत्त खरी. परंतु आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं सगळा भार तिच्या एकटीवर टाकलेला नाहीं. मम्मटानें शक्ति, निपुणता व अभ्यास हीं तिन्ही मिळून काव्याचें एकच कारण मानलें आहे. दंडी तर याहून उदार! उपजत प्रतिभा नसली, तरी विद्या व यत्न यांच्या योगें वाग्देवीची उपासना करणारास तिचा थोडाबहुत प्रसाद लाभतोच, असें त्याचें आश्वासन आहे.

मग अभ्यास करावा म्हणजे नेमकें काय करावें? याचें अत्यंत व्यवहार्य उत्तर राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त सांपडतें. इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयास असलेल्या या पंडिताचा हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्यास गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांत कवीचा दिवस चार प्रहरांत वांटून दिला आहे. पहिल्या प्रहरीं संध्या, सरस्वतीस्तवन व अध्ययन, दुसऱ्यांत रचना, भोजनोत्तर तिसऱ्यांत काव्यगोष्ठी, आणि चौथ्यांत, एकट्यानें किंवा मोजक्या मित्रांसमवेत, सकाळच्या रचनेची परीक्षा. कारण रसावेशांत लिहिणाराची दृष्टि विवेचक राहत नाहीं. म्हणून जें अधिक झालें तें टाकावें, न्यून तें भरावें, अस्थानीं पडलेलें हलवावें आणि विसरलेलें आठवून घालावें.

आमच्यापैकीं बहुतेकांचें लेखन दुसऱ्या प्रहरींच संपतें, हेंच त्याचें वैगुण्य. निबंध तपासण्यांत आयुष्य गेलेल्या शिक्षकास ‘माझी आजी फार प्रेमळ, कष्टाळू व सोशिक होती’ हें वाक्य शेंकडों वह्यांतून भेटलेलें असतें. तीन विशेषणें झालीं, पण आजी कांहीं दिसली नाहीं! चौथ्या प्रहरीं तेंच वाक्य असें होऊं शकेल : ‘सर्वांची पंगत उठल्यावर आजी पातेल्याच्या बुडाची खरवड आपल्या पानांत घेई आणि म्हणे, मला हीच आवडते.’ येथें विशेषण एकही नाहीं; तरी तिन्ही गुण उमटले.

स्वतःच्या लेखनाविषयीं पक्षपात असतोच. गुणदोष उलटे दिसूं लागतात. यास्तव तें दुसऱ्यांकडून तपासून घ्यावें, तटस्थास जें दिसतें तें कर्त्यास दिसत नाहीं, असें राजशेखर बजावतो. मात्र अर्धवट रचना कोणास वाचून दाखवूं नये, ती अपुरीच राहते; आणि नवी रचना एकट्याच श्रोत्यापुढें वाचूं नये; तो ती आपलीच म्हणूं लागला, तर साक्षीदार कोठून आणावा? हजार वर्षांपूर्वींचा हा विनोद आजही शिळा झालेला नाहीं.

दुरुस्तीचें भय बाळगणारांनीं राजशेखराची विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचें मत अवश्य ध्यानीं घ्यावें. ज्या रचनेंतील शब्द बदलतांच येत नाहींत ती परिपक्व, असें वामनाचे अनुयायी म्हणत. अवंतिसुंदरी म्हणते, ही परिपक्वता नव्हे, असामर्थ्य होय. थोर कवींच्या हातीं एकाच अर्थाचे अनेक पाठ शोभून दिसतात. रसाला उचित असें शब्दयोजन हाच खरा परिपाक. पत्नीचें हें मत राजशेखरानें आपल्या ग्रंथांत तिच्या नांवानिशीं आदरानें नोंदविलें आहे. शिवाय, संस्कार आत्म्याच्या ठायीं असतात, तेथें स्त्रीपुरुष हा भेद नाहीं; म्हणून स्त्रियाही कवि होऊं शकतात, असेंही तो स्पष्टपणें सांगतो. वह्या मिटून बसलेल्या भगिनींनीं हें विसरूं नये.

संसारी माणसास रोज चार प्रहर कोठून मिळणार? त्याची आवश्यकताही नाहीं. या महिन्यांत एकच पानभर मजकूर लिहावा, चार दिवस पेटींत ठेवावा, आणि मग परक्याचा असावा तसा मोठ्यानें वाचून हातीं लेखणी घ्यावी. प्रतिभा आहे कीं नाहीं, याचा निर्णय त्यापूर्वीं करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. स्वतः लिहिणारासही नाहीं.