मोहाच्या झाडाखाली

फाल्गुन सरत आला की गोंदिया जिल्ह्याच्या जंगलात मोह फुलू लागतो आणि त्याच सुमारास वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर अस्वलाचे आगमन होते. 'मोहफुले वेचणाऱ्या इसमावर अस्वलाचा हल्ला' या मथळ्याची वाचकांना इतकी सवय झाली आहे की, गावाचे नाव बदलले तरी बातमी तीच वाटते. अलीकडे या बातमीला एक जोडबातमी मिळू लागली आहे. रानालगतच्या एखाद्या घरापाशी अस्वल येते, कोणीतरी खिडकीआडून मोबाईलवर त्याचे चित्रण करतो आणि संध्याकाळपर्यंत ते शहरातल्या घराघरांत पोहोचते. पाठीवर दोन पिले घेऊन अंगण ओलांडणारी मादी पाहून शहरवासीयांना कौतुक वाटते, आणि ते वाटणे स्वाभाविकही आहे. आमची तक्रार एवढीच की, एकाच प्राण्याच्या या दोन बातम्या आपण कधी एकत्र वाचत नाही.

अस्वलाविषयीचे आपले ज्ञान बहुधा पाठ्यपुस्तकाबरोबरच संपते. जांबुवंत आपल्याला ठाऊक असतो, स्यमंतक मण्याची कथा ठाऊक असते. आणि झाडावर चढून गेलेला स्वार्थी मित्र व खाली श्वास रोखून पडलेला दुसरा मित्र यांची गोष्ट तर आम्ही स्वतः वर्गात अनेकदा शिकवली आहे. त्या गोष्टीत झाडावरचा मित्र सुरक्षित राहतो. आपल्या रानातले अस्वल मात्र मधासाठी उंच झाडावर सहज चढते. उलट, अस्वल अंगावर आलेच तर पालथे पडावे आणि दोन्ही हातांनी मान व डोके झाकून घ्यावे, असे आजचे जाणकारही सांगतात. म्हणजे गोष्टीतला दुसरा मित्र अगदीच चुकला नव्हता. पंडितांचेही या प्राण्याबाबत पूर्वीपासून चुकतच आले आहे. 1791 साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याची लांब नखे पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या आळशी, झाडाला लोंबकळणाऱ्या प्राण्याच्या कुळात बसवले. ती चूक पुढे दुरुस्त झाली, पण इंग्रजी नावातला आळस त्याला कायमचा चिकटला.

वस्तुतः हा प्राणी मुळीच आळशी नाही. वाळवीची वारुळे फोडणे हा त्याचा मुख्य उद्योग. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून तो वाळवी अक्षरशः ओढून घेतो, आणि तो आवाज रानात दूरवर ऐकू जातो. वाळवीच्या जोडीला बोरे, जांभळे, उंबरे, टेंभरे, मध आणि उन्हाळ्याच्या तोंडी मोहाची फुले. शिकार करून पोट भरणारा हा प्राणी नव्हे. मग तो माणसावर का धावतो? त्याची दृष्टी बेताची असते आणि खाण्यात दंग असताना त्याचे आजूबाजूला लक्ष नसते. वाघाच्या राज्यात हजारो वर्षे राहिलेल्या या प्राण्याला पळून जाण्यापेक्षा समोरच्यावर तुटून पडणे हाच बचाव अंगवळणी पडला आहे. पिले पाठीवर असली तर विचारायलाच नको. तो माणसाला खायला येत नाही. दचकतो आणि झडप घालतो.

हे दचकणे घडते ते मोहाच्या झाडाखाली. मोहाची फुले उत्तररात्री गळू लागतात आणि सकाळपर्यंत त्यांचा सडा पडतो. ऊन वर येण्यापूर्वी, गुराढोरांनी तोंड लावण्यापूर्वी ती वेचावी लागतात; म्हणून देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतली बाई टोपली घेऊन झुंजुमुंजू असतानाच बाहेर पडते. ती खाली वाकलेली, अस्वलाचे नाकही जमिनीला लागलेले, आणि दोघांचे लक्ष एकाच फुलांवर. दहा-पंधरा पावलांवर आल्याशिवाय एकाला दुसऱ्याची चाहूल लागत नाही.

'मग हे लोक अंधारात जातातच कशाला?' हा प्रश्न आम्ही सुशिक्षितांच्या बैठकीत अनेकदा ऐकला आहे. आठ वाजता दुकान उघडणाऱ्याला 'दहाला का उघडत नाही?' असे कोणी विचारत नाही! वर्षातले ते तीन-चार आठवडे म्हणजे भूमिहीन कुटुंबाचे रोकड पीक आहे. गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांना दिला आहे, आणि मोहफुलांच्या संकलनावरचे व वाहतुकीवरचे जुने निर्बंध 2021 साली राज्य सरकारनेच उठवले. शिवाय हा प्रश्न गोंदिया शहराने तरी विचारू नये. या शहराची भरभराट तांदळाइतकीच बिडीवरही झाली, आणि बिडीचे पान या रानातल्या तेंदूचे. ज्या झाडाचे पान आपण तोडून आणवतो त्याचेच फळ अस्वल खाते. आणि पानासाठी छाटलेल्या झुडपाला फळ धरत नाही.

दुसरी सूचना अशी येते की अस्वले पकडून दूर सोडावीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, ही अडचण आहेच. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी मोह जागच्या जागी राहणार आणि नेलेल्या अस्वलाची जागा दुसरे घेणार.

सरकारी यंत्रणेच्या नजरेत मात्र अस्वलाला फारसे स्थान नाही. नवेगाव आणि नागझिरा ही जंगले 2013 साली एकत्र करून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, तो नावाप्रमाणे वाघासाठी. देशात दर चार वर्षांनी वाघांची गणना होते. अस्वलाची तशी स्वतंत्र देशव्यापी गणना होत नाही. 2022 पासून 12 ऑक्टोबर हा त्याचा जागतिक दिन झाला आहे, पण त्या दिवशी मोह फुललेला नसतो. नवेगावबांधच्या काठी राहून ज्यांनी हे रान मराठी वाचकाच्या घरात आणले ते मारुती चितमपल्ली 2025 मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या मध्यमवर्गाने त्या रानातल्या माणसांचीही विचारपूस करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

विचारपूस करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे जखमा. अस्वलाच्या हल्ल्यात माणूस बहुधा जगतो, पण त्याचा चेहरा जातो. डोळा, नाक, जबडा, डोक्याची कातडी यांवर त्याचा पंजा चालतो. मृताच्या वारसांना मिळणारी मदत राज्याने 2022 साली 15 लाखांवरून 20 लाखांवर नेली, आणि ते योग्यच झाले. परंतु ज्याच्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया व्हायच्या आहेत, जो बाजारात तोंड झाकून फिरतो, ज्या मुलीचे लग्न त्या व्रणांपाशी अडते, त्यांचे नुकसान 'गंभीर जखमी' या दोन शब्दांत मावत नाही. गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. चेहऱ्यावरील पुनर्रचना-शस्त्रक्रियेची सोय तेथे कायमस्वरूपी असावी आणि रुग्णाला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरील नागपूरची वाट धरावी लागू नये, ही मागणी लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात लावून धरण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट जाळ्यांची. फुले नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळण्याची प्रथा आहे आणि ती आग कित्येकदा पसरते. रानातली आग काय करू शकते हे एप्रिल 2021 मध्ये नागझिऱ्याने पाहिले. तेथे तीन वनमजुरांना प्राण गमवावे लागले. मोहाखाली जमिनीपासून वर ताणून जाळी बांधली तर पाचोळा जाळावा लागत नाही, फूल स्वच्छ राहून भाव चांगला मिळतो आणि मुख्य म्हणजे ते उजाडल्यावर गोळा करता येते. अस्वल जाळीपर्यंत येईल, काही फुले खाऊन जाईल. त्या वेळी तेथे माणूस वाकलेला नसेल. इतर राज्यांत अशा जाळ्या वापरात आल्या आहेत. वाघ दाखवण्याच्या सहलीतून प्रवेशशुल्क मिळते, तर त्यातला काही हिस्सा या जाळ्यांकडे वळवण्यास कोणती हरकत आहे, हे वनविभागाने सांगावे. त्या फुले पडण्यापूर्वी, जानेवारी संपण्याच्या आत ग्रामसभांच्या हाती पडल्या पाहिजेत. मार्चअखेरीस खर्ची घालायचा निधी म्हणून एप्रिलात आलेली जाळी कोणाच्याही उपयोगाची नाही.