गाठियाची जीवदया



गेल्या जानेवारीत आमच्या महिला मंडळाची सहल ठाणे खाडीवर गेली होती. बोट सुटली तशा पर्समधून शेव-गाठियाच्या पुड्या बाहेर आल्या. सीगल, म्हणजे कुरव पक्षी, थव्यांनी झेपावले, फोटो निघाले. "केवढं पुण्य लागलं गं!" म्हणत सगळ्या चौविहाराच्या वेळेआधी घरी परतल्या. दोन पुड्या मीही टाकल्या होत्या. आज स्पष्टच लिहिते, ती जीवदया नव्हती. ती आपली करमणूक होती.

कुरव हिवाळ्यात लडाख, तिबेट, मध्य आशियाकडून इथे येतात. मासे, किडे, खेकडे हे त्यांचं अन्न. उन्हाळा लागला की तेवढाच लांबचा प्रवास परत करायचा, त्यासाठी अंगात ताकद साठवायची. आणि आपण काय भरवतो? बेसन, मीठ, सोडा, तळणीचं तेल! वर्षाच्या आतल्या बाळाला आपण मीठसुद्धा चाटवत नाही.

"अगं, तेवढेच मासे वाचतात ना," एक काकू म्हणाल्या. काकू, व्रत आपण घेतलंय, पक्ष्याने नाही. त्याच्या चोचीचा हिशोब आपल्याकडे नाही, आपल्या हाताचा मात्र आहे.

आता थोडं कडू. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये ते रामसर यादीतही गेलं. पण पक्ष्यांना नकाशावरची हद्द कळत नाही. भरतीला खाडीचा चिखल बुडाला की फ्लेमिंगो आसपासच्या, नवी मुंबईतल्या पाणथळींवर विसाव्याला जातात. तिथे भरतीचं पाणी यायची वाट बुजवली, राडारोडा टाकला, तर ते तळं हळूहळू मरतं. मग त्याच काठावर "फ्लेमिंगो दिसणारे" फ्लॅट विकायचे!

श्रावकाला वर्ज्य असलेली पंधरा कर्मादानं आठवा. त्यात सरोवर, डोह, तलाव सुकवण्याचा धंदा स्पष्ट सांगितला आहे. प्रतिक्रमणात आपण त्याची आलोयणा करतो. कटासणं गुंडाळलं की विसरतो. आपल्या समाजात बांधकामवाले आहेत, त्यात पैसे गुंतवणारे आहेत, आणि ती घरं हौसेने घेणाऱ्या आपण आहोत. तळं सुकवणारा दुसराच कुणीतरी, असं म्हणून सुटका नाही.

"आपण बायका काय करणार?" हे उत्तर मला नको. घर बघताना देव्हारा कुठे, स्वयंपाकघर कुठल्या दिशेला, हे आपणच विचारतो ना? मग एवढंही विचारायचं, "या जागेवर आधी काय होतं?" पाणथळ होती असं कळलं तर घरात ठाम नाही म्हणायचं.

पूर्वी आपल्या आज्या पाणी गाळून झालं की गाळण्यातली जिवाणी त्याच विहिरीत परत सोडत. दुसऱ्या पाण्यात ते जीव जगणार नाहीत, हे त्यांना शाळा न शिकता माहीत होतं.

या हिवाळ्यात मंडळाला पुन्हा खाडीवर नेणार आहे. पर्समध्ये दुर्बीण चालेल, पुडी चालणार नाही. आणि गेल्या वर्षीच्या माझ्या त्या दोन पुड्यांसाठी, कुरवांनो, मिच्छामि दुक्कडम्.