मनोरुग्णालयातून सुट्टी झाली, पुढे कोण बघणार?

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीबरोबर राज्यातल्या जुन्या चार मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. विदर्भातल्या गोरगरिबांना पहिला आधार त्याचाच. तेथून बरा होऊन निघालेल्या रुग्णाच्या हाती गोळ्यांची पुडी असते आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी. तो भिवापूरचा असेल तर ती तारीख पाळायला सत्तरएक किलोमीटरचा प्रवास आला. गरिबाची नागपूर-नागभीड छोटी गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. रुग्णासोबत घरचे कुणीतरी लागतेच. म्हणजे दोघांचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी. मिरची तोडणीच्या हंगामात तारीख आली तर भूमिहीन आईने काय करावे?

आणि मग बोल लावायचा तो रुग्णालाच! 'हे लोक औषधच घेत नाहीत.' अहो, औषध का सुटते? बरे वाटू लागले की माणसाला गोळी नकोशी होते. गोळीने हात थरथरतात, झोप येते, वजन वाढते. अशा माणसाला मजुरीवर कोण ठेवणार? डोस बदलता येतो, महिन्याने घ्यायचे इंजेक्शनही असते, पण हे घरी येऊन सांगणारा कुणी नसतो. आजार उलटला की बाबा-भगत आपली दुकाने उघडून बसलेलेच आहेत. तामिळनाडूतील एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. उपचारासाठीच त्यांना तेथे आणले होते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. रुग्णाला लांब जावे लागू नये, सेवा घराजवळ मिळावी, दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला ती मोफत मिळावी, असे कलम १८ सांगते. कलम ९८ तर आपल्या कार्यकर्त्यांनी पाठच करावे. सुट्टी देण्यापूर्वी डॉक्टरने रुग्ण, घरचे लोक आणि पुढे उपचार करणारा डॉक्टर यांच्याशी बोलून पुढील उपचारांची योजना आखली पाहिजे. नुसती तारखेची चिठ्ठी म्हणजे योजना नव्हे.

हे जमण्यासारखे नाही, असे कुणी म्हणेल. सातारा, गोवा आणि तामिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन हे काम केले. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. केवळ दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा फायदा थोडासाच जास्त होता, पण होता. आपल्या वस्त्यांत आशाताई आहेत, विहारात जमणारी महिला मंडळे आहेत. रुग्णाची तारीख लक्षात ठेवणे, गोळी घेतली का विचारणे, त्याला 'वेडा' न म्हणणे, यासाठी पदवी लागत नाही.

मात्र शासनाचा भार मंडळांनी उचलू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर आहे. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातला ठरलेला दिवस, डॉक्टर आणि गोळ्यांचा साठा मागायचा तो याच कार्यक्रमातून. आणि नागपूरहून कुणाला घरी आणायला जाल तेव्हा कलम ९८ ची योजना लेखी मागा. देत नसतील तर का देत नाहीत, तेही लेखीच मागा.